अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घरी शिकायचाय? आधी हिशेब बघा

सलूनमध्ये तुमच्या गालावर फिरतो तसा, ब्लेड बदलता येणारा वस्तरा घरी वापरायला शिकायचा असेल तर सामानाला फार तर 600 रुपये लागतात. हात बसायला महिना-दीड महिना जातो. यापेक्षा मोठा आकडा कुणी सांगितला तर वस्तऱ्याबरोबर आणखी काय काय गळ्यात मारलं जातंय, ते विचारा. इथले दर शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या बाजारातले, साधारण अंदाजाचे आहेत. दुकानागणिक 10-20 रुपये इकडेतिकडे होणारच.

आधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला वस्तरा हवाय कशाला? नुसते पैसे वाचवायचे असतील तर त्याच्या नादी लागू नका. तेच ब्लेड साध्या सेफ्टी रेझरमध्ये अख्खं बसतं, रेझर 150 ते 300 रुपयांत येतो आणि शिकायला आठवडा पुरतो. वस्तऱ्याचा खरा उपयोग कडा काढायला आहे. कल्ले सरळ कापायचे, राखलेल्या दाढीची गालावरची आणि गळ्यावरची रेघ कोरायची, आठवडाभर वाढलेला खुंट न अडकता काढायचा, या कामांत त्याचा हात धरणारं दुसरं हत्यार नाही. दाढी ठेवणारी पोरं ‘सेटिंग’साठी सलूनमध्ये साध्या दाढीपेक्षा जास्त मोजतात. बचत त्यांचीच जास्त होते.

साधा हिशेब असा. आठवड्यातून दोनदा दाढी, दर 60 रुपये धरला, तर महिन्याला 480 ते 540 रुपये. तुमच्या दुकानाचा दर वेगळा असेल तर तो घाला. घरी दर वेळी नवं अर्धं ब्लेड वापरलं तरी दीड ते चार रुपये. क्रीम, साबण धरून महिना 50 ते 75 रुपयांत सुटतो. म्हणजे सामानाचे पैसे दीड महिन्यात वसूल. रोज गुळगुळीत दाढी लागते त्यांचे तर त्याआधीच. अशी माणसं इथे बरीच: दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट 5 आणि 7 आहेत, शिवाय रेल्वेची माणसं. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावायचा तर खुंट चालत नाही, कारण मास्क आणि कातडी यांच्यात फट राहते. पण पहिल्या पाळीला निघायच्या गडबडीत पहाटे पाचला वस्तरा शिकायला बसू नका. शिकायचं ते सुट्टीच्या दिवशी.

दुकानात काय घ्यायचं, काय नाही

कुठे मिळेल? शिरूर आणि दौंड दोन्हीकडे बाजारपेठेतल्या कॉस्मेटिकच्या किंवा सलून मटेरियलच्या दुकानात. सापडलं नाही तर तुमच्या नेहमीच्या सलूनवाल्याला विचारा, तो स्वतःचा माल कुठून घेतो ते. एवढ्यासाठी पुण्याला जाऊ नका. घाऊक बाजारात वस्तऱ्यामागे जे 30-40 रुपये सुटतील, ते येण्याजाण्याच्या भाड्यात जातील; शिरूरहून निघालात तर वाघोलीच्या कोंडीत दिवसही जाईल.

वस्तरा 60 रुपयांपासून मिळतो. 60-80 वाल्याची खीळ बहुधा ढिली असते, मूठ डुगडुगते. नवशिक्याला तीच महाग पडते. 150 ते 250 मधला पूर्ण स्टीलचा घ्या. ब्लेड बसवायच्या दोन तऱ्हा असतात: एकात ब्लेड खाचेत सरकवायचं, दुसऱ्यात झाकण उघडून, ब्लेड ठेवून, वरून कडी लावायची. कडीवाला बरा, ब्लेड हलत नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच एक अर्धं ब्लेड बसवून मागा आणि वस्तरा उजेडासमोर आडवा धरा. ब्लेडची धार वस्तऱ्याच्या कडेशी दोन्ही टोकांना सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका टोकाला केसभर जास्त असेल तर तो वस्तरा परत करा. तेच टोक तुमच्या गालात रुतणार आहे. मग ब्लेडचे दोन कोपरे बघा. ते वस्तऱ्याच्या गोल टोकांखाली झाकलेले हवेत. नवशिक्याला बहुतेक कापतं ते कोपऱ्याने, मधल्या धारेने क्वचितच.

परदेशी वस्तऱ्यांचा मोह आवरा. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या ‘डोवो’चं किंवा जपानच्या ‘फेदर’चं नाव ऐकाल. माल उत्तमच, पण किंमत हजारांत, आणि फेदरच्या ‘आर्टिस्ट क्लब’ वस्तऱ्याला त्याचीच वेगळी, जाड ब्लेडं लागतात. ती दौंडच्या दुकानात मिळत नाहीत. वस्तरा एकदा घ्याल, ब्लेडं मात्र कायम ऑनलाइन मागवत बसाल.

ब्लेड: पाचचं पाकीट 15 ते 40 रुपये. ‘सेव्हन ओ’क्लॉक’, ‘विल्किन्सन स्वोर्ड’, ‘सुपरमॅक्स’, यांतलं जे सहज मिळेल ते. जपानी फेदर ब्लेड अतिशय धारदार म्हणून ओळखलं जातं. सुरुवातीला ते नको. आधीच अर्धी केलेली ब्लेडंही पाकिटात येतात. थोडी महाग पडतात, पण बोटं वाचतात. अख्खं ब्लेड मोडायचं असेल तर कागदातून बाहेर काढू नका. कागदासकट दोन्ही हातांनी धरा, मधोमध दुमडा, कट्कन मोडतं. उघडं ब्लेड मोडायला गेलात तर पहिली जखम गालाआधी अंगठ्याला.

बाकी सामान थोडंच. ब्रश 50 ते 120. क्रीमची ट्यूब 70-80 किंवा गोल साबण 30 ते 50. तुरटीचा खडा 10 ते 20. वाटी घरातली.

आता जे घ्यायचं नाही ते. दाढीआधीचं तेल, महागडं आफ्टरशेव्ह, स्टँड, पितळी वाडगा यांतल्या कशानेही दाढी चांगली होत नाही. आणि कातडी पट्टा तर अजिबात नको. धार लावायचा पट्टा जुन्या, अखंड पात्याच्या वस्तऱ्याला लागायचा. तुम्ही ब्लेड फेकून देणार, धार कशाला लावणार? तरीही ऑनलाइन ‘सेट’मध्ये पट्टा घालून किंमत 300-400 रुपयांनी फुगवलेली दिसते.

ऑनलाइन घेणारच असाल तर ‘पैसे द्या’ दाबण्याआधीचा शेवटचा आकडा बघा. 199 च्या वस्तऱ्यावर डिलिव्हरीचे वेगळे, पैसे घरपोच दिले तर त्याचे आणखी वेगळे, असं करत तो 300 ला पोचतो. ‘स्वच्छतेच्या वस्तू’ म्हणून परतावा नाकारणारेही असतात. ती अट आधी वाचा.

छापील किंमत, म्हणजे एमआरपी, सर्व करांसह असते. पाकिटावरच्या किमतीवर ‘वर जीएसटी’ कुणी लावला तर देऊ नका. दाढीचं क्रीम आणि आफ्टरशेव्ह यांच्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. फडताळात राहिलेली जुनी ट्यूब जुन्या दराने माथी मारली जात नाही ना, ते बघा. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नगांची संख्या आणि तक्रारीचा संपर्क छापलेला हवा. ब्लेडच्या पाकिटावरची छपाई पुसट, शब्दांत चुका, पत्ताच नाही, असं असेल तर ते नकली समजून ठेवून द्या. सुट्या वस्तऱ्यावर मात्र बहुधा छापील किंमत नसते. तिथे घासाघीस करा, 20-30 रुपये हमखास सुटतात.

शिकवणार कोण

व्हिडिओ बघून ब्लेड कसं बसवायचं ते कळतं. हाताचा दाब कळत नाही. तो कळायला कुणीतरी तुमच्यासमोर, तुमच्या गालावर करून दाखवावा लागतो. तुमच्या सलूनवाल्यापेक्षा जवळचा गुरू नाही, कारण तुमच्या गळ्यावर केस कुठल्या बाजूला वळतात हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. ‘दादा, मला घरी कडा काढायला शिकायचंय, दोन-तीन वेळा दाखवाल का?’ असं सरळ विचारा. आणि पैसे ठरवूनच बसा. याला बाजारभाव नाही. अर्ध्या तासाला दोन-तीन दाढ्यांचे पैसे देणं रास्त. त्याच्या धंद्यातलं कसब आहे ते, ‘ओळखीत’ फुकट मागू नका. शिवाय फुकट शिकवलं की मध्येच ‘चेहरा फारच काळवंडलाय, जरा डी-टॅन करू’ निघतं आणि फुकटाचे 300 होतात. मसाज, कोल्ड क्रीम, ब्लीच, जे काही हातात घेतलं जाईल त्याचा दर आधी विचारा. भिंतीवरच्या दरपत्रकात नसेल तर नको म्हणा. छोट्या दुकानाने बिलात जीएसटी लावला तर जीएसटी क्रमांक मागा; वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायाला नोंदणी लागत नाही आणि नोंदणी नसेल तर कर घेता येत नाही.

कधी जायचं? रविवार सोडून. लग्नसराई सोडून. सोमवारी बऱ्याच दुकानांना सुट्टी असते. गुरुवारी आणि शनिवारी बरेच लोक दाढी करत नाहीत, त्या दिवशी दुपारी एक ते चार खुर्ची रिकामी आणि माणूस निवांत. सगळ्यात बरा श्रावण. निम्मं गिऱ्हाईक दाढी वाढवून बसलेलं असतं, कारागिराला शिकवायला वेळच वेळ.

जाताना स्वतःचा वस्तरा आणि न उघडलेलं ब्लेडचं पाकीट न्या. ही भीड धरायची जागा नाही. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकून राहतो. डेटॉलच्या पाण्यात बुचकळल्याने किंवा तुरटी फिरवल्याने तो मरेल या भरवशावर राहू नका. एरवी दाढीला बसाल तेव्हाही ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर कागदातून काढून मोडायला सांगा. अख्ख्या ब्लेडची दोन अर्धी होतात. वाटीत आधीच मोडून पडलेलं अर्धं ‘नवंच आहे’ म्हणून लावलं जात असेल, तर ‘दुसरं काढा’ म्हणा. दोन-तीन रुपयांचा प्रश्न असतो, चांगला कारागीर वाद घालत नाही.

घरी, आरशासमोर

मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हात थरथरत असेल किंवा गालावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर वस्तरा तुमच्यासाठी नाही. ट्रिमर घ्या.

पहिले चार-पाच दिवस ब्लेडच घालू नका. रिकामा वस्तरा धरायला शिका: पहिली तीन बोटं दांड्यावर, अंगठा खालून, करंगळी मागच्या शेपटीवर, मूठ वर उघडलेली. तसाच तो फेस लावलेल्या गालावरून फिरवा. उजवा गाल सोपा जातो. डाव्या गालाला हात नाकासमोरून न्यावा लागतो आणि मनगटाने आरसाच झाकला जातो. सलूनवाला खुर्चीभोवती फिरतो, तुम्हाला स्वतःभोवती फिरता येत नाही. त्यामुळे मान किती वळवायची, कोपर कुठे ठेवायचं, हे ब्लेड नसतानाच बसवून घ्या. मग फुगा. फुगवून बांधा, फेस थापा आणि आता ब्लेड घालून तो फेस काढा. 20 रुपयांचे फुगे आणा, पहिले दोन-तीन फुटतील. सलग दोन फुगे शाबूत राहिले की गालाकडे वळा.

पाण्याकडे बघा. बोअरचं जड पाणी असेल तर फेस होतच नाही, साबण नुसता चिकट होतो, आणि कोरड्या गालावर वस्तरा ओढला जातो. दोन्ही तालुक्यांत बऱ्याच घरी ही अडचण येईल. पिण्याचं फिल्टरचं पाणी एक फुलपात्रभर कोमट करून घ्या, तेवढं पुरतं. आंघोळीनंतर लगेच बसा, किंवा कोमट पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटं दाढीवर धरा. खुंट मऊ झाला की निम्मं काम झालं.

आता ब्लेड. पाठ गालाला टेकवा, मग हळूच थोडी उचला, साधारण 30 अंशांपर्यंत. वस्तरा चालताना बारीक खरखर ऐकू यायला हवी. आवाज नाही आणि केसही निघत नाही, तर कोन कमी. कातडी खरवडल्यासारखी वाटली, तर कोन जास्त. दाबायचं मुळीच नाही, वस्तऱ्याचं वजनच पुरतं. दुसऱ्या हाताने कातडी वर ताणून धरा; बोटं घसरत असतील तर तुरटीवर घासून घ्या, पकड येते. हात छोटे, एका वेळी इंचभर. फेस पुसा, पुढचा हात. एक पथ्य कधीही मोडू नका: धार गालाला टेकलेली असताना वस्तरा आडवा सरकवायचा नाही. तो पुढे जाईल किंवा उचलला जाईल. आडवा गेला की सुरीने काकडी चिरावी तसा गाल चिरतो.

पहिला आठवडा फक्त दोन गाल, तेही सुलट, म्हणजे केस वाढतात त्याच दिशेने. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरका, यात कमीपणा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळा. त्याआधी बोटं फिरवून केसांची दिशा बघा; बऱ्याच जणांचे गळ्यावरचे केस आडवे किंवा वर वाढतात, तिथे ‘वरून खाली’ हा नियम चालत नाही. कंठमण्यावर कातडी बाजूला ओढून सपाट करा, मगच वस्तरा लावा. हनुवटी आणि नाकाखालची जागा सगळ्यात शेवटी, महिना झाल्यावर. उलटा हात फिरवायची घाई नको. सुलट दोनदा फेस लावून केलेली दाढी रोजच्या कामाला पुरेशी होते.

शिकताना दर वेळी नवं अर्धं ब्लेड. हात बसल्यावर एका अर्ध्यात दोन दाढ्या होतात. ब्लेड ओढायला लागलं की फेका. दोन रुपये वाचवायला बोथट ब्लेड रेटलं की दाब वाढतो आणि कापतं.

कापलंच तर गार पाणी, मग स्वच्छ कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तुरटी चालेल, पण तुमची एकट्याची. घरात भावाभावांत एकच खडा फिरवू नका. दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा जखम खोल असेल, तर दवाखाना. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तसं सांगा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत, केसपेपरसकट. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

धंदा म्हणून शिकायचं असेल तर

मग हिशेब वेगळा. चालू सलूनमध्ये कारागिराच्या हाताखाली राहणं, हा अजूनही सगळ्यात स्वस्त आणि पक्का मार्ग. शिकवणीचे पैसे सहसा नसतात, पण पगार कधीपासून, किती, सुट्टी कोणती, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. पुण्यातल्या खासगी अकादम्यांची फी हजारोंत जाते. भरण्याआधी विचारा: प्रमाणपत्र कोणाचं, सामान फीमध्ये धरलंय का, सरावाला खरी माणसं मिळणार की नुसते पुतळे, मध्येच सोडलं तर किती परत. उत्तरं लेखी घ्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये केस-त्वचेचा अभ्यासक्रम आहे का, ते प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळावर तपासा.

पीएम विश्वकर्मा योजनेच्या नावाने बरंच काही विकलं जातं, म्हणून नीट सांगतो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात नाभिक व्यवसाय आहे. 5 ते 7 दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर आणि 5 टक्के व्याजाने पहिलं 1 लाखापर्यंतचं कर्ज. पण ती आधीपासून स्वतः हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, कोऱ्या नवशिक्यासाठी नाही. वय 18 पूर्ण हवं आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. सोबत आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक, रेशन कार्ड न्या. नोंदणी सीएससी केंद्रात होते. ती सध्या चालू आहे का, हे विचारूनच कामाचा खाडा करा. अर्जदाराकडून नोंदणीचे पैसे घ्यायचे नसतात, त्यामुळे ‘व्हाउचर काढून देतो, 2,000 द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. उद्यम नोंदणीही फुकट असते, तिचेही 500-1,000 मागणारे भेटतील.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, नकली ब्लेड निघालं, अकादमीने ठरल्याप्रमाणे पैसे परत दिले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. मराठीत बोला. पावतीचा फोटो जवळ ठेवा. पावतीशिवाय तक्रार लंगडी पडते, म्हणून 200 रुपयांच्या खरेदीचीही पावती घ्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, पण एका वस्तऱ्यासाठी तिथवर जायची वेळ येऊ नये. बहुतेक दुकानदार पावती मागितली की छापील किमतीवर येतात.

शेवटी दोन किरकोळ गोष्टी. विमानाने जाणार असाल तर ब्लेड आणि वस्तरा हातातल्या बॅगेत चालत नाही, काउंटरवर जमा करायच्या सामानात टाका. आणि वापरलेली ब्लेडं घंटागाडीत सुटी टाकू नका. पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड आत जाईल एवढी चीर पाडा आणि मोरीजवळ ठेवा. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि गाडीवरच्या कामगाराच्या हातात सांगून द्या.